कविता सुचत नाही म्हणून नोकरी सोडू का?

या वेळचं पत्र संगमनेरहून आलंय. मुलगी पतसंस्थेत काउंटरला बसते, वय ३३, मुलगा दुसरीत, नवरा एमआयडीसीत शिफ्टला जातो. नाव छापू नका म्हणाली म्हणून छापत नाही. पत्र चार पानी आहे, त्यामुळे मधलंमधलं गाळून देते.

"ताई, कॉलेजात असताना मी रोज लिहायचे, गॅदरिंगला बक्षिसं मिळालीत, आता दोन वर्षं झाली खरी अशी एक ओळ सुचत नाहीये. कवितेच्या तीन व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आहे, तिथे रोज विषय देतात, आज पाऊस, उद्या आई, परवा मोगरा, मी काहीतरी जुळवून टाकते, लोक अंगठे आणि फुलं देतात पण मला आतून माहितीये ते खोटं आहे. दिवसभर ऑफिसात पिग्मीवाले (म्हणजे रोजची छोटी बचत गोळा करणारे एजंट) चिल्लर ओततात आणि म्हणतात मॅडम तुम्हीच मोजा, नाहीतर सोनेतारणाच्या पावत्या फाडायच्या, यात कविता कुठून येणार? बरं माझ्या आयुष्यात मोठं दुःखही नाही, सगळं ठीक चाललंय. मोठे कवी कसे जगले ते वाचलं की वाटतं आपण चुकीचं जगतोय. तुकोबासुद्धा भंडाऱ्यावर जाऊन बसले होते ना. वेंगुर्ल्याकडे मैत्रिणीचं घर रिकामं पडलंय, समुद्र, झाडं, शांतता, नोकरी सोडून वर्षभर तिथे राहू का? आणि अजून एक, एका प्रातिनिधिक कवितासंग्रहासाठी १५०० रुपये आणि फोटो पाठवा म्हणतायत, सन्मानपत्रपण देणारेत, पाठवू का?"

सोबत तीन कविता आहेत. त्यांच्याकडे येतेच.

अगं बाई, आधी नोकरीचं बोलू, कारण शेवटच्या पानावर तू लिहिलंयस की राजीनामा टाइप करून ड्रॉफ्टमधे ठेवलाय. डिलीट कर. पैशाचं कारण तुझा नवरा, सासूबाई, शेजारीपाजारी सगळे सांगतीलच, ते मी कशाला सांगू, मी कवितेच्या बाजूने बोलतेय. वेळ मोकळा मिळाला की कविता येते असं ज्याला वाटतं त्याने एखाद्या शाळामास्तरची मे महिन्याची सुट्टी बघावी.

तू वेंगुर्ल्याचं नाव काढलंस हे बरं झालं. त्याच वेंगुर्ल्याजवळ बागलांची राई म्हणून जागा आहे, तिथे १९३० साली चिं. त्र्यं. खानोलकर जन्मले, म्हणजे आपले आरती प्रभू. आता या माणसाला समुद्र, माड, पाऊस, शांतता सगळं जन्मापासून फुकट होतं. आणि तो करत काय होता? तर कुडाळला खानावळ चालवत होता. म्हणजे बाजारहाट, माणसांची जेवणं, उधारीची वही, कोण आलं कोण पैसे बुडवून गेलं, आणि गल्ल्यावर बसल्या बसल्या लिहिणं. 'जोगवा' हा पहिला संग्रह १९५९ ला आला आणि त्याच सुमाराला हे गृहस्थ पोटासाठी मुंबईला आले. म्हणजे गंमत बघ, तू पगार सोडून कोकणात निघालीस आणि कोकणातला एवढा मोठा कवी पगार शोधत मुंबईला निघाला. त्याच्या कवितेत कोकण गच्च भरलेलं आहे, पण ते पाहुणीला दिसतं ते कोकण नाहीये, तुला वर्षभरात जे दिसेल ते पाहुणीचंच असणार, आणि त्यावर तू लिहिशील ते लोक सहलीच्या फोटोखाली लिहितात तसलं होईल, आत्ताच सांगून ठेवते.

निसर्गाचंच म्हणशील तर बालकवी धरणगावचे, म्हणजे खानदेशातले, जिथे मे महिन्यात डांबर वितळतं. २८ वर्षांचंही आयुष्य मिळालं नाही, १९१८ ला भादली स्टेशनजवळ रेल्वे अपघातात गेले. त्यांची 'औदुंबर' आठ ओळींची आहे. आठ. त्या आठ ओळींसाठी कोणी त्यांना समुद्रकिनाऱ्यावर घर दिलं नव्हतं.

आता तुकोबा. त्यांचं नाव पुढे केलं की ताई गप्प बसेल असा तुझा हिशोब दिसतोय. भंडाऱ्यावर बसले हे खरं. पण वर जाताना सोबत काय होतं तेही बघ ना. घरचं दुकान, महाजनकी, सगळं व्यवस्थित होतं, मग १६३० च्या आसपासचा तो भयंकर दुष्काळ आला आणि त्यात सगळं गेलं, त्यांनीच एका अभंगात सांगितलंय की दुष्काळाने पैसा आटला, मान गेला, एक बायको अन्न अन्न करत मेली. लोकांची कर्जखतं होती, ती इंद्रायणीत सोडली म्हणतात, भावाच्या वाट्याची भावाकडे ठेवून फक्त आपल्या वाट्याची. (तू पतसंस्थेत आहेस, तुला कळेल ही केवढी गोष्ट आहे. आपल्या वाट्याची थकबाकी आपणच बुडवायची!) आणि त्याच अभंगात पुढे जे आहे ते लोक वाचतच नाहीत, की संतांची वचनं आदराने पाठ केली. पाठ केली गं. नामदेव, ज्ञानेश्वर, एकनाथ सगळं तोंडात बसलेलं, कीर्तनात मागे उभं राहून ध्रुपद धरलेलं, म्हणजे अभंगाची चाल कानात इतकी मुरली होती की स्वतःचं बोलायला गेले ते अभंगातच आलं. डोंगराने दिलं ते एकांत, बाकीचा माल खालून वर नेलेला होता. आणि हो, डोंगरावर भाकरी घेऊन कोण जायचं ते पण विचार कधी, आवली जायची म्हणतात, उन्हातान्हात, शिव्या घालत. तू वेंगुर्ल्याला बसलीस तर तुझी आवली कोण होणार? मला तर दुसरीतला मुलगा आणि सासूबाईच दिसतायत.

दुःखाचं. हे तू दोनदा लिहिलंयस, की माझ्या आयुष्यात मोठं दुःख नाही, म्हणून दोनदा ओरडते. नाहीये ना, मग देवाला नमस्कार कर आणि गप्प बस. दुःख झालं की कविता आपोआप गळते असलं काही नसतं, तसं असतं तर सिव्हिल हॉस्पिटलच्या प्रत्येक वॉर्डात एक कवी निघाला असता. इंदिरा संतांचं उदाहरण सगळे देतात, की नवरा गेला आणि त्यातून कविता आली. अगं पण ना. मा. संत गेले १९४६ ला आणि 'शेला' आला १९५१ ला. मधे पाच वर्षं आहेत. त्या पाच वर्षांत पदरात लहान मुलं, बेळगावातली शिकवण्याची नोकरी, सकाळी उठून डबे, वह्या तपासणं हे सगळं आहे. आणि त्याच्याही आधी दोघा नवरा-बायकोचा मिळून 'सहवास' नावाचा संग्रह निघाला होता, म्हणजे हात आधीपासून लिहिता होता. दुःख आलं तेव्हा त्याला बसायला जागा तयार होती एवढंच. हात लिहिता नसता तर तेच दुःख नुसतं दुःख राहिलं असतं, बहुतेकांचं राहतंच की.

चुकीचं जगतोय असं वाटतं म्हणालीस. मग बरोबर कोण जगलं ते तरी सांग मला. केशवसुत? आयुष्यभर कमी पगाराची मास्तरकी, आज या गावात उद्या त्या गावात, फैजपूरला काही वर्षं, मग धारवाड, आणि १९०५ ला हुबळीला प्लेगने गेले, वय ३९. स्वतःचा संग्रह छापलेला बघायला पण मिळाला नाही. आणि या माणसाने १८९३ मधे 'झपूर्झा' लिहिली, कवीची ती तंद्री लागलेली अवस्था मराठीत त्यापेक्षा चांगली कोणी लिहिली असेल तर मला दाखव. नारायण सुर्वे? टाकून दिलेलं पोर, गंगाराम सुर्वे नावाच्या गिरणीकामगाराने उचलून घरी आणलं, वाढवलं, पुढे गिरणीत काम, महापालिकेच्या शाळेत शिपाई, मग शिक्षक. 'ऐसा गा मी ब्रह्म' १९६२ चा. यातलं कोणीही आधी कवीसारखं जगून मग लिहायला बसलेलं नाहीये, कवीसारखं जगणं ही गोष्ट नंतर चरित्र लिहिणारे लोक तयार करतात.

आता ज्याच्यावर मला खरं बोलायचंय तो माणूस म्हणजे अरुण कोलटकर, कारण तुझ्या 'यात कविता कुठून येणार' या प्रश्नाला त्याच्यासारखं उत्तर कोणी दिलेलं नाही. कोल्हापूरचा, जन्म १९३१, जाहिरातीच्या धंद्यात आर्ट डायरेक्टर, म्हणजे नोकरी एकदम बाजारातली, साबण नि कापडं विकायची. जेजुरीला गेला तो साठच्या दशकात, आणि 'जेजुरी' पुस्तक आलं १९७६ ला, मधली सगळी वर्षं ते आत कुठेतरी चाललंच होतं. पण माझा मुद्दा जेजुरीचा नाहीये. मुंबईत काळा घोडा भागात वेसाइड इन नावाचं एक जुनं रेस्टॉरंट होतं, तिथे हा माणूस वर्षानुवर्षं येऊन बसायचा, गुरुवारी दुपारी तर मित्रांचा अड्डाच असायचा. खिडकीतून काय दिसायचं? एक ट्रॅफिकचं बेट. तिनकोनी. त्यावर लोळलेला एक गावठी कुत्रा, फुटपाथवर राहणारी माणसं, पोराला आंघोळ घालणारी एक बाई, सकाळी इडल्या घेऊन येणारी दुसरी आणि तिच्याभोवती जमा होणारे भिकारी, भुरटे, दारुडे सगळे, कचऱ्याच्या गाडीत चढून अनवाणी पायांनी कचरा तुडवून दाबणारी सफाईवाली. बस. एवढंच. ताजमहाल नाही, समुद्र नाही, म्हणजे समुद्र होता जवळच पण तो त्याला नको होता. ते सगळं तो बघत राहिला, बघत राहिला, आणि त्याच्या इंग्रजीतल्या काळा घोडाच्या कवितांचं पुस्तक २००४ ला आलं, त्याच वर्षी तो गेला. कचरा तुडवणारी ती बाई त्याच्या कवितेत मीरा होते, नाचणारी. तिच्याकडे बघून अरेरे कोणीही म्हणेल, तिच्या पायांना ताल आहे हे दिसायला मात्र त्याच टेबलावर खूप दिवस बसावं लागतं.

आता तू म्हणशील ताई तुमचं ठीक आहे, आता मलाही काउंटरवर बसून लोकांकडे बघायला सांगणार आणि मी सोनेतारणावर एक करुण कविता लिहिणार. नाही! तेच तर करायचं नाहीये. अशा कविता मी रोज वाचते, गळ्यातलं मंगळसूत्र गहाण ठेवणारी माउली, डोळ्यात पाणी, शेवटी निर्दयी व्यवस्था, आणि वाचणाऱ्याने हळहळायचं, झालं. त्यात ती बाई कुठेच नसते, आपलं हळवेपण असतं फक्त. तू मात्र रोज तिच्या दोन फुटांवर असतेस. तुमचा सोनं पारखणारा व्हॅल्युअर दगडावर दागिना घासतो तेव्हा ती दगडाकडे बघते की त्याच्या तोंडाकडे? काट्यावर वजन आल्यावर खड्यांचं, लाखेचं वजन वजा करतात तेव्हा ती काही बोलते का, की हे खरंच एवढं कमी होतं का असं विचारून गप्प बसते? पाकिटाला सील मारताना हात कुठे असतो तिचा? हे मला माहीत नाहीये, कोलटकरलाही माहीत नव्हतं, संगमनेरात ते तुला माहितीये आणि तुला वाटतं की कविता वेंगुर्ल्याला आहे.

पण नुसतं बघून होत नाही, इथे बरेच जण अडकतात, भरपूर बघतात आणि लिहितात तेव्हा निबंध होतो. दुसरी गोष्ट लागते ती चाल.

बहिणाबाईंचं नाव तू घेतलं नाहीस, बहुतेक मुद्दाम, कारण शाळेपासून ऐकून ऐकून कंटाळा आलेला असतो. पण त्यांच्याबद्दल आपल्याकडे जे बोलतात ना, की अडाणी बाई, अक्षरओळख नाही, आणि बघा कसा चमत्कार, ते मला अजिबात पटत नाही. चमत्कार कसला? असोद्याची माहेरवाशीण, तेराव्या वर्षी लग्न होऊन जळगावात आली, ऐन तिशीत नवरा गेला, तीन मुलं, शेतीचं काम, घरचं काम. आणि जातं. जात्यावरची ओवी ही काही त्यांची एकटीची नव्हती, घराघरात पहाटे बायका तेच करत होत्या. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या दोघांनी महाराष्ट्रातल्या गावागावातून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या तर एक लाखाच्या वर भरल्या, आणि त्या सांगणाऱ्या सगळ्या शेतात राबणाऱ्या बायका. म्हणजे बहिणाबाईंना शाळा नव्हती असं म्हणणंच चूक आहे, केवढी मोठी शाळा होती त्यांना, फक्त तिथे पाटी नव्हती.

आता जरा बोटं मोड. 'मन वढाय वढाय', म-न-व-ढा-य-व-ढा-य, आठ. 'उभ्या पिकातलं ढोर', परत आठ. त्यांची बहुतेक गाणी अशी आठ-आठ अक्षरांवर बसलेली आहेत. ही आठ अक्षरं त्यांनी मोजली असतील का? शक्यच नाही, हात फिरायचा आणि ओळ त्याच्याबरोबर फिरून जागेवर यायची. आपण म्हणतो आधी सुचतं आणि मग आपण ते छंदात बसवतो, मला वाटतं निम्म्या वेळा उलटं होतं, चाल आधी सुरू असते आणि ती रिकामी फिरायला लागली की मग समोर जे असेल ते ओढून घेते. समोर तवा असेल तर तवा. समोर पिकात घुसलेलं ढोर असेल तर ढोर. म्हणून जातं थांबवून आधी स्फूर्तीची वाट बघत बसलेली बाई तुला कुठे सापडणार नाही.

(मुलाने, म्हणजे सोपानदेवांनी आणि नात्यातल्या पितांबर चौधरींनी काही उतरवून घेतलं म्हणून एवढं तरी राहिलं. १९५१ ला बहिणाबाई गेल्या, नंतर सोपानदेवांनी ते अत्र्यांना दाखवलं, अत्रे म्हणाले हे बावनकशी सोनं आहे, आणि १९५२ ला पुस्तक निघालं. जे हवेत गेलं ते गेलं. तू निदान फोनमधे व्हॉइस रेकॉर्डर चालू कर.)

तर आता तुझ्या तीन कविता. पहिल्या दोन मी बाजूला ठेवल्या, त्या ग्रुपवरच्या विषयांच्या आहेत हे लगेच कळतं, पाऊस आला की प्रियकर आलाच पाहिजे असा तिथे नियम असावा. तिसरी बघू. तू लिहिलंयस:

शब्दांच्या या गर्दीमधे
हरवली माझी वाट
काळजाच्या कप्प्यातली
ओली आठवांची लाट

मोज. आठ, आठ, आठ, आठ. एक अक्षर इकडचं तिकडे नाही. आणि मला खात्री आहे तू मोजून लिहिलेलं नाहीस, पत्रात कुठेही छंदाबद्दल तू एक शब्द काढलेला नाहीयेस. म्हणजे कान तयार आहे, आजीमुळे असेल, हरिपाठामुळे असेल, कशाने का असेना. जे दोन वर्षं आटलं म्हणतेस ते आटलेलं नाहीये, जातं व्यवस्थित फिरतंय पण तू त्यात दळायला दुसऱ्याने दळलेलं पीठ घालतेयस. शब्दांची गर्दी, काळजाचा कप्पा, आठवांची लाट, यातलं तुझं काय आहे सांग ना? काळजाला कप्पे असतात हे तू कुठे पाहिलंस? तुमच्या स्ट्राँगरूमला असतात, ते तू रोज उघडतेस.

आणि त्याच पत्रात दुसऱ्या पानावर, तक्रार करता करता, तू लिहून गेलीस की पिग्मीवाले चिल्लर ओततात आणि म्हणतात मॅडम तुम्हीच मोजा. मी तिथे थांबले. कारण हा माणूस मला दिसला. दिवसभर भाजीवाल्या, चहाच्या टपऱ्या, पंक्चरवाले यांच्याकडून वीस-वीस पन्नास-पन्नास रुपये गोळा करत फिरलेला, आणि आता इतका दमलाय की दुसऱ्यांचे पैसे मोजायचंही त्राण नाही, किंवा तुझ्यावर विश्वास आहे, किंवा उद्या कमी भरले तर भांडायचंय त्याला, यातलं नक्की काय ते तुला माहीत. आणि बघ हां, थोडंसंच हलवलं तर:

चिल्लर ओतून म्हणे
मॅडम, तुम्हीच मोजा

आठ आणि आठ. अर्धी ओवी झाली, आणि ती तुझीच आहे, मी फक्त शब्दांच्या जागा बदलल्या. 'मॅडम' काढून बाई-बिई घालू नकोस, तो मॅडमच म्हणतो ना, मग मॅडमच. पुढच्या दोन ओळी मी देणार नाही. 'मोजा'ला 'बोजा' यमक समोरच उभं आहे आणि तुमच्याकडे सातबाऱ्यावर बोजा चढवतातच, त्यामुळे तो शब्द तुला लगेच सुचेल, पण सुचला म्हणून घालू नकोस, पिग्मीवाल्याचा आणि सातबाऱ्याचा काही संबंध लागत असेल तरच घाल. नसेल लागत तर यमक सोड, ओळ फिरव, दुसरं शेवटी आण. अशा वेळी आठवडा गेला तर जाऊ दे.

मग करायचं काय, तर तिन्ही ग्रुप म्यूट कर, सोडू नकोस नाहीतर लोक फोन करून विचारत बसतील काय झालं म्हणून. रोज एक विषय ही पद्धतच मला मान्य नाही, रोज एकच विषय असेल तर एक वेळ समजू शकते. तू हा पिग्मीवालाच घे, एकच, आणि दिवाळीपर्यंत त्याला सोडू नकोस. लिहायला बसू नकोस मुद्दाम. स्कूटरवर जाता-येता, कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत, तोंडात आठ-आठ अक्षरं फिरू देत, फालतू आली तरी चालतील, डबा-भाजी-चपातीची आली तरी चालतील. पाठांतर पण कर, तुकोबांचं घे, मोठा अभंग घेतलास तर तिथे सहा-सहा-सहा-चार अशी चाल आहे, 'सुंदर ते ध्यान' म्हणून बघ, शेवटच्या चारला कसा पाय टेकतो ते लक्षात येईल. आठचा कंटाळा आला की ही चाल वापर. मुक्तछंदाला माझा विरोध नाही, कोलटकर काही ओव्या लिहीत नव्हता, पण तुझा कान आज जिथे पक्का आहे तिथून सुरू कर, उगाच मॉडर्न दिसायला ओळी तोडत बसू नकोस.

नवऱ्याला पहिला वाचक करायचा का असं तू तिसऱ्या पानावर विचारलंयस. करू नकोस. चांगला माणूस दिसतोय पत्रावरून, तो छान आहे म्हणणार, त्याचा उपयोग नाही. त्यापेक्षा मुलाला म्हणून दाखव, सात वर्षांच्या पोराला ओळ अडखळली की लगेच कळतं, तो मधेच उठून जातो.

१५०० रुपयांचं. भरायचे नाहीत. प्रातिनिधिक म्हणजे कोणाचे प्रतिनिधी हे त्या लोकांना विचारलंस तर उत्तर मिळणार नाही, ज्यांनी पैसे भरले त्यांचे, एवढंच. पुस्तक निघतं, त्यात ज्यांच्या कविता आहेत तेच ते विकत घेतात, सन्मानपत्र व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ येतं ज्यात नावात एक चूक असते. चांगलं मासिक किंवा दिवाळी अंक तुझ्याकडे कविता छापायचे पैसे मागणार नाही, मानधन देईलच असं पण नाही, पण मागणार नाही. त्या १५०० मधे बहिणाबाई, इंदिरा संत आणि कोलटकरची 'भिजकी वही' यातलं जे मिळेल ते घे, 'भिजकी वही' जाड आहे आणि महाग पडेल, लायब्ररीत मिळाली तर आधी तिथून आण.

आणि एक व्यवहाराचं, हे विसरू नकोस. गिऱ्हाइकांबद्दल लिहिताना नाव, गाव, दागिना, रक्कम जसंच्या तसं अजिबात येऊ देऊ नकोस. पुतळ्या असतील तर बोरमाळ कर, बाई असेल तर बुवा कर. ग्रुपवर कोण कोणाचा भाचा असतो सांगता येत नाही, आणि कवितेपायी तुझ्या मॅनेजरने तुला मेमो दिला तर तो राजीनाम्याचा ड्रॉफ्ट परत बाहेर येईल. पिग्मीवाल्याचं चालेल, त्याला आवडेलसुद्धा, पण त्यालाही आधी विचार.

पुढच्या दोन ओळी झाल्या की पाठव. ग्रुपच्या आधी मला.